रिपोर्टात एचबी ७.९ आलंय, बाकीचे आकडे कुणी समजावून सांगेल काय?

उत्तरेश्वरकर | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसतं वाचून जातो, लिहायची ही पहिलीच वेळ. (आणि हो, मी बाईच आहे, पण कोल्हापूरची, त्यामुळं येतो-जातोच म्हणणार, पुणेकरांनी व्याकरण काढत बसू नये.)

वय ३९, दोन पोरं, शाळेत क्लार्क आहे. मागच्या रविवारी जोतिबाला गेलेलो, पायऱ्या चढताना तीनदा बसलो. माझी सासू ६८ वर्षांची, गुडघ्यानं बेजार, तरी ती पुढं आणि मी मागं. तिनंच वळून विचारलं, काय गं, तोंड का असं पांढरंफटक पडलंय. तसं बघितलं तर दोन वर्षं हेच चाललंय, जिना चढला की छातीत धडधड, केस मुठीनं निघतात, संध्याकाळचे सहा वाजले की बसल्या जागी डोळे मिटतात. गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलं की ते "अशक्तपणा आहे" म्हणतात, टॉनिकची बाटली देतात आणि फारच गळून गेल्यासारखं झालं तर ताकदीचं सलाईन लावतात. चार सलाईन झाली असतील आतापर्यंत. रक्त तपासून घ्या असं एकदाबी म्हणाले नाहीत, आणि मीबी विचारलं नाही.

शेवटी परवा आपणहून लॅबमध्ये जाऊन सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) केली, २८० रुपये पडले. रिपोर्ट असा आहे, हिमोग्लोबिन ७.९, आरबीसी ४.१, एमसीव्ही ६५, आरडीडब्ल्यू १९, प्लेटलेट बऱ्या आहेत. निम्म्या ओळी ठळक अक्षरात छापल्यात. गुगल केलं तर रात्रभर झोप लागायची नाही म्हणून इथं विचारतोय, हे किती वाईट आहे? उपाशीपोटी गेलो नव्हतो, चहा-बटर खाऊन गेलेलो, त्यानं कमी आलं असेल काय? घरात आत्यांनी (आमच्यात सासूला आत्या म्हणतात) बीटाचा रस सुरू केलाय आणि मिस्टर म्हणतात रविवारी मटण आणतो, दोन वाट्या तांबडा मार, रक्त कसं लालभडक होतंय बघ.


लॅबवाली_लक्ष्मीपुरी | सोमवार, रात्री ११:२५

ताई, घाबरू नका, पण गप्प बसूनही राहू नका. सतरा वर्षं रक्त ओढायचं आणि मशीनला लावायचं काम करतेय. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही, नुसता कागद वाचून दाखवते.

बाईचं एचबी १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, पुरुषाचं १३ च्या खाली, गरोदर असेल तर साधारण ११. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे. गरोदर नसलेल्या बाईचं ८ च्या खाली आलं की ते तीव्र धरतात, म्हणजे तुम्ही काठावरून आत घसरलाय. या आठवड्यातच फिजिशियनला दाखवा, पोरांच्या परीक्षा झाल्यावर बघू असं नको.

चहा-बटरनं काही होत नाही. सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही, तरी रोज सकाळी चार बायका चक्कर येईपर्यंत उपाशी येऊन बाकड्यावर बसलेल्या असतात. जांभळ्या टोपणाची छोटी ट्यूब बघितली असेल तुम्ही, त्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं असतं, दोनेक मिली रक्त पुरतं. मशीन नुसत्या पेशी मोजत नाही, त्यांचा आकार पण मोजतं, तो आकार म्हणजे एमसीव्ही. ८० ते १०० च्या मध्ये पाहिजे, तुमचा ६५, म्हणजे पेशी बारक्या झाल्यात. आणि आरडीडब्ल्यू म्हणजे त्या पेशी एकमेकींपेक्षा किती लहान-मोठ्या आहेत ते. साधारण १४-१५ पर्यंत चालतं, तुमचा १९. डब्यातलं पीठ संपत आलं की शेवटच्या भाकऱ्या कशा लहान-लहान होत जातात, तसं. लोह संपत आलं की शरीर पण असंच भागवत राहतं.

म्हणून पुढची टेस्ट फेरिटिन. ताटात भाकरी कमी पडायच्या आधी कणगी रिकामी होते, फेरिटिन म्हणजे त्या कणगीत किती उरलंय ते. १५ च्या खाली असेल तर साठा संपला म्हणून समजा, बरेच डॉक्टर ३० च्या खाली पण कमीच धरतात. ताप, इन्फेक्शन असं काही चालू असताना मात्र करू नका, तेव्हा फेरिटिन उगीचच वाढलेलं दिसतं. आणि लोहाची गोळी सुरू करायच्या आधी रक्त द्या, म्हणजे मूळचा आकडा कळतो.

एक विचारू? पाळी कशी आहे तुमची? इथं लिहायचं नसेल तर डॉक्टरांना तरी स्पष्ट सांगा.


गूळमार्केट | मंगळवार, सकाळी ७:१०

कशाला बाई टेस्टच्या नादाला लागतायसा. आमच्या आज्जीची नऊ बाळंतपणं झाली, कधी लॅबचं तोंड बघितलं नाही. रोज गूळ-शेंगदाणे आणि धारोष्ण दूध. आपला कोल्हापुरी गूळ लोखंडाच्या काईलीत शिजतोय, त्यात लोह नसेल तर कशात असणार वो? महिनाभर सकाळी मूठभर गूळ-शेंगदाणे खावा, एचबी नाही वाढलं तर माझ्याकडनं पाच किलोची ढेप फुकट.


हिशेबी_मास्तर | मंगळवार, सकाळी ९:००

गूळमार्केट, ढेप बाजूला काढून ठेवा, हरणार तुम्ही.

निवृत्त गणित शिक्षक आहे, हिशोब करून दाखवतो. शंभर ग्रॅम गुळात लोह धरा चार-पाच मिलिग्रॅम, थोडं कमी-जास्त. आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. नुसत्या गुळावर भागवायचं तर रोज अर्धा किलोच्या वर गूळ झाला, लोह वाढायच्या आधी साखर वाढेल. त्यातही झाडपाल्यातलं लोह पोटात गेलं तरी अंगात थोडंच शिरतं. शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच आत घेतं, बाकीचं आल्या वाटेनं बाहेर.

बीटाचं तर विचारूच नका. शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही. लाल दिसतं म्हणून रक्त वाढवतं हा हिशोब खरा असता तर मिरचीच्या खळ्यावर काम करणाऱ्या एकाही बाईला ॲनिमिया झाला नसता. आणि तांबड्या रश्श्याचा लाल रंग पण मिरचीचाच, लोह खालच्या फोडीत असतं, त्यामुळं वाटी रश्श्याची मारायची आणि फोडी पाहुण्यांना वाढायच्या, जे आपल्याकडं घरची बाई नेहमी करते, त्यात तिच्या वाट्याला लोह येत नाही. मटणातलं, कलेजीतलं लोह लवकर लागू पडतं हे मात्र खरं.

गूळ वाईट नाही, खावा. लोखंडी तव्यात-कढईत केलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं हे पण खरं आहे. पण ७.९ ला ते पुरणार नाही.


तालमीतला_पोरगा | मंगळवार, दुपारी १:३०

ॲनिमिया बायकांनाच होतोय असं वाटणाऱ्यांसाठी माझी स्टोरी. वय २७, रोज व्यायाम, खुराक जोरात. आमच्या तालमीत शिवजयंतीला रक्तदान शिबिर असतंय, दरवर्षी पहिल्या पाचात नंबर माझा. यंदा बोटाला टोचून बघितलं आणि मॅडम म्हणाल्या तुमचं घेता येणार नाही, ११.६ आहे, निदान १२.५ लागतं. पोरं लई हसली. मला वाटलं मशीन बिघडलंय, दुसऱ्या बोटाला टोचायला लावलं तर ११.४.

घरी येऊन खिमा, खजूर, अंडी सगळा मारा केला, दोन महिन्यांनी ११.१. मग एक सिनियर डॉक्टर होते त्यांनी बाकी सगळं सोडून एकच विचारलं, संडासला रक्त पडतंय काय? आता खरं सांगायचं तर वर्षभर पडत हुतं, मिसळ खाल्ली की जास्त, पण हे सांगायचं कुणाला, लाज वाटायची. मूळव्याध निघाली. ती बांधून घेतली, तीन महिने गोळ्या, आता १४.२. वरनं ओतायचं आणि खालनं गळायचं, टाकी भरणार कशी सांगा.


लॅबवाली_लक्ष्मीपुरी | मंगळवार, दुपारी ३:०५

बरं केलंस लिहिलंस ते, पुरुष कुणी बोलत नाहीत यावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के ॲनिमिया निघाला हे सगळ्यांना पाठ असतं, त्यातच त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के आहे ते कुणी वाचत नाही. बाईला निदान पाळीचं कारण तरी असतं. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडलं की रक्त कुठून जातंय हे शोधायलाच पाहिजे, गोळी देऊन गप्प बसायचं नाही.

बाकी बोट टोचून केलेली टेस्ट चाळणी म्हणून ठीक. बोट दाबून-दाबून थेंब काढला तर त्यात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा घसरतो. नक्की आकडा शिरेतल्या रक्ताचा.


उत्तरेश्वरकर | गुरुवार, रात्री ९:४०

सगळ्यांना धन्यवाद, मास्तरांचा प्रतिसाद मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवला, फोडीवाला भाग दोनदा.

लॅबवाली ताई, तुम्ही विचारलं म्हणून लिहितो, नाहीतर हे मी बहिणीला पण सांगितलं नव्हतं. पाळी आठ-आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस दोन तासाला पॅड बदलायचं, रात्री खाली जुनी चादर घालून झोपायचं, गाठी पडतात. दुसऱ्या पोराच्या नंतर हळूहळू असं झालं आणि मला वाटलं वय झालं की असंच असतंय. आत्यांचं असंच हुतं म्हणे, त्यांच्या आईचं पण.

फिजिशियनकडं काल गेलो. त्यांनी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, तळहात बघितले आणि विचारलं बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं काय. मी थक्कच झालो. दोन वर्षं मी तांदूळ निवडताना मूठ-मूठ कच्चे खातोय, पोरं मला चिमणी म्हणतात घरात. हे लोह कमी पडल्याचं लक्षण असतं हे मला तिथं कळलं!! फेरिटिन आलं ४. सोनोग्राफी सांगितलीय, गर्भाशयात गाठ आहे काय बघायला. गोळी दिलीय, रोज एक, लिंबूपाण्याबरोबर, चहा-दुधाबरोबर अजिबात नाही.


हिशेबी_मास्तर | गुरुवार, रात्री १०:२०

मग हिशोब जुळला. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत ८० मिलीच्या वर रक्त गेलं तर ते जास्त धरतात. ८० मिली म्हणजे ४० मिलिग्रॅम लोह गेलं, म्हणजे तीस दिवसांत रोजचं एकापेक्षा जास्त, आणि आपण बघितलं की शरीर दिवसाला घेतंच एक-दोन. तुमचं तर ८० पेक्षा पुष्कळ जास्त जात असणार. दर महिन्याला उधारी वाढत गेली.


मेडिकलवाला_राजारामपुरी | शुक्रवार, सकाळी ११:४५

ताकदीच्या सलाईनवर कुणी काय बोललं नाही म्हणून मी बोलतो, रोज बाटल्या विकतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे, बाकी पाणी. साधं नॉर्मल सलाईन असेल तर साडेचार ग्रॅम मीठ. लोह शून्य. तरी लोक भांडून लावून घेतात, आणि डॉक्टरांनी नाही लावलं तर दुसऱ्या डॉक्टरकडं जातात, हे पण तितकंच खरं, सगळा दोष डॉक्टरांना नको.

शिरेतून द्यायचं लोखंडाचं औषध वेगळं असतं, तांबूस-काळपट रंगाचं, ते दवाखान्यात हळूहळू सोडतात आणि लक्ष ठेवतात. गोळी पोटाला सोसत नसेल, किंवा रक्त गोळीच्या वेगापेक्षा जास्त जात असेल, तर ते देतात.

गोळीनं संडास काळी होते, घाबरू नका. मळमळत असेल, पोट धरत असेल तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. आजकाल एक दिवसाआड पण देतात, रोज दिलं की दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं आतडं कमी घेतं असं निघालंय.


गडहिंग्लजकर | शुक्रवार, रात्री ८:१५

सगळेच लोहावर चाललाय म्हणून माझी उलटी केस सांगतो. आमच्यात पिढ्यान्पिढ्या शाकाहार, मला दहा वर्षं शुगर, त्याची मेटफॉर्मिन चालू. तळपायाला मुंग्या, जीभ सोलल्यासारखी, चालताना तोल जायचा. एचबी ९.४ आलं तर एका ओळखीच्यानं त्याच्या बायकोच्या लोहाच्या गोळ्या दिल्या, मी तीन महिने खाल्ल्या. काही फरक नाही. नंतर डॉक्टरांनी तोच जुना कागद बघून विचारलं, एमसीव्ही ११० आहे, हे कुणी बघितलं नाही काय? पेशी बारक्या नव्हत्याच, फुगलेल्या होत्या. बी-ट्वेल्व कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते आणखी खाली जातं. इंजेक्शनं घेतली, एचबी दोन महिन्यांत सुधारलं, मुंग्या अजून पूर्ण गेल्या नाहीत. नसांचं नुकसान जुनं झालं की परत यायला वेळ लागतो, काही येतच नाही. नुसतं फॉलिक ॲसिड खाल्लं तर एचबी वर येतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं, हे पण तेव्हाच कळलं.

तर कागदावर एचबीच्या खाली दोन-तीन ओळींवर एमसीव्ही असतो, तेवढा बघत जा. ६५ वाल्याची गोळी ११० वाल्याला देऊन उपयोग नाही.


कसबा_बावडा_सूनबाई | शनिवार, दुपारी १२:३०

आणि बारक्या पेशी म्हणजे दरवेळी लोहच असतं असं पण नाही. माझं एचबी लग्नाच्या आधीपासून १०.५, एमसीव्ही ६४, कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या खातेय. दिवस राहिल्यावर डॉक्टरीणबाईंनी आरबीसीचा, म्हणजे लाल पेशी किती आहेत तो, आकडा बघितला, तो ५.६ होता, चांगला भरपूर. एचबी कमी आणि पेशी मात्र जास्त. त्यांनी एमसीव्हीला आरबीसीनं भागलं, साडेअकराच्या आसपास आलं, म्हणाल्या १३ च्या खाली आलं की शंका घ्यायची. मग एचपीएलसी नावाची टेस्ट केली, थॅलेसेमिया मायनर निघाला, म्हणजे आईबापाकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष. मी आजारी नाही, आयुष्यभर अशीच राहणार. लगेच नवऱ्याची टेस्ट केली कारण दोघंही मायनर असले तर प्रत्येक बाळंतपणात मेजर, म्हणजे गंभीर आजाराचं, बाळ व्हायची शक्यता चारात एक. त्यांची नॉर्मल आली. तो एक आठवडा मात्र कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत.

उत्तरेश्वरकर ताई, तुमचं भागून बघितलं, ६५ भागिले ४.१ म्हणजे सोळाच्या जवळ, आणि फेरिटिन ४. तुमचं लोहाचंच आहे.


भुदरगडची_आशा | रविवार, रात्री ९:३०

मी आशा सेविका आहे, गावाचं नाव लिहीत न्हाई. शहरातल्या बायका लॅबमध्ये जाऊन २८० रुपये देऊन येत्यात, आमच्याकडं उपकेंद्रात न्हाईतर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) फुकट होतंय तरी बायकांना आणायला चार चकरा माराव्या लागत्यात. पीएचसीतनं रक्ताचे नमुने सरकारच्या महालॅबला जात्यात, रिपोर्ट येतोय, पैसे लागत न्हाईत, हे कुणाला माहीतच नसतंय. कोल्हापुरात सीपीआरला, म्हंजे सरकारी दवाखान्यात, पण होतंय.

गरोदर बाईला लाल गोळी देतो, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासनं १८० दिवस. बाई म्हणती खाल्ली, आणि गोळ्या चुलीमागं. का तर सासूनं सांगितलंय बाळ काळं होतंय. मी म्हणलं, गोळीनं पोर काळं झालं असतं तर इंजिनियरच्या कॉलनीतली समदी पोरं काळी असती, त्यास्नी डॉक्टरनं हीच दिलेली असती. तवा हसली आणि खाल्ली. शाळेतल्या पोरींना आठवड्याला एक निळी, बारक्यास्नी गुलाबी. आणि जंताची गोळी, तीबी महत्त्वाची. अनवाणी शेतात फिरलं की अंकुशकृमी पायातनं शिरतोय, आतड्याला चिकटून रक्त पितोय, मग किती का गोळ्या खाईना.

हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येत्यात, त्या बायकांचं एचबी बघितलं की पोटात गोळा येतोय. सात, साडेसात, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढत्यात. तिला म्हणायचं काय, आराम कर? चक्कर येती म्हणली तर मुकादम खाडा लावतोय. गोळ्या देतो, पुढच्या खेपंला जावं तर टोळी दुसऱ्या गावाला गेलेली असती.


गूळमार्केट | रविवार, रात्री १०:१०

आशाताई, तुमचं वाचून गप्प झालो. गुऱ्हाळावर पण बायका असत्यात कामाला, कधी या अंगानं बघितलं नव्हतं.


उत्तरेश्वरकर | महिन्याभरानं, शनिवार, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढतोय, राग मानू नका. सोनोग्राफीत साडेतीन सेंटीमीटरची गाठ निघाली, फायब्रॉइड, आतल्या अस्तराला लागून. कॅन्सर नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्या वाक्यातच सांगितलं बरं झालं. पाळीच्या दिवसांत रक्त कमी जायची गोळी दिलीय, त्यावर भागतंय काय बघू, नाहीतर पुढं गाठ काढायची. गोळीनं पहिला आठवडा लई मळमळलं, मग एक दिवसाआड केली त्यांनी. कालची सीबीसी ९.८. कच्चे तांदूळ सुटले, आपोआप सुटले हो, आता तोंडाजवळ नेले तर नकोच वाटतात.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा मी जेवताना हसत हसत म्हटलं, गोळीनं संडास डांबरासारखी काळी होतीय. आत्या म्हणाल्या, अगं माझं तर दोन महिने झाले काळंच हुतंय, चिकट, आणि घाण वास मारतंय. त्या लोहाची गोळी घेत नाहीत. गुडघ्यासाठी मात्र मेडिकलमधनं दुखायची गोळी आणून रोज दोन-दोन खातात, किती वर्षं कुणास ठाऊक. त्यांना पण थकवा आहे, पण माझ्या रिपोर्टाच्या गडबडीत त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही. सोमवारी दाखवावं म्हणतोय. काय वाटतं?


लॅबवाली_लक्ष्मीपुरी | शनिवार, संध्याकाळी ६:३५

सोमवार नाही. आत्ता न्या. दुखायच्या गोळीनं पोटात अल्सर होऊन रक्त झिरपतं आणि खाली येईपर्यंत डांबरासारखं काळं-चिकट होतं. लोहाच्या गोळीची काळी वेगळी, ती अशी चिकट-घाणेरडी नसते. ती दुखायची गोळी आजपासून बंद, आणि पाकीट बरोबर घेऊन जा, डॉक्टरांना नाव दाखवायला. चक्कर येत असेल तर गाडीवर मागं बसवून नेऊ नका, रिक्षा करा.


मेडिकलवाला_राजारामपुरी | शनिवार, संध्याकाळी ७:००

+१. आणि आमच्या धंद्यातल्यांची चूक कबूल करतो. चिठ्ठी न विचारता ही पाकिटं आम्हीच देतो.


उत्तरेश्वरकर | बुधवार, रात्री ९:१५

रात्रीच नेलं, ॲडमिट करून घेतलं. एचबी ८.८. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतनं पोट बघितलं, जठरात अल्सर, कडेनं रक्त येत हुतं. जंतूची पण तपासणी घेतलीय. रक्ताची पिशवी लावायची वेळ आली नाही. आज घरी आणलं. दुखायच्या गोळ्या बंद, गुडघ्याला मलम आणि व्यायाम सांगितलाय, त्यावर त्या नाराज आहेत. अल्सर भरला की लोहाचं बघू म्हणाले.

आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, तुझं ७.९ हुतं न्हवं, मग माझं तुझ्यापेक्षा बरंच म्हणायचं की.


तालमीतला_पोरगा | बुधवार, रात्री ९:२०

आत्यांचा नाद खुळा!


गूळमार्केट | बुधवार, रात्री १०:४५

बरं झालं वेळेत नेलं. मास्तर, ढेप हरलो, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

लॅबवाली ताई, आमची मंडळी पण दोन-तीन वर्षं दुपारी आडवी झाल्याशिवाय राहत नाही, मी आळशी म्हणून चिडवायचो. आणि काल नीट बघितलं तर पोरीच्या पाटीवरची पेन्सिल खाताना सापडली. उद्या सकाळी घेऊन येऊ काय? दोघांचीबी करतो. उपाशी यायचं न्हवं?


लॅबवाली_लक्ष्मीपुरी | बुधवार, रात्री १०:५०

या की. साडेसातला उघडतो. चहा पिऊन या, गुळाचा असला तरी चालेल.